अनुवादाची स्मृती कोणाच्या कुलपात?

प्रशासनात राहून एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. अडचण जोवर एका माणसाची असते तोवर तिला ‘तांत्रिक बाब’ म्हणतात. ती सर्वांची झाली की तिचा ‘धोरणात्मक प्रश्न’ होतो. मधल्या काळात जे नुकसान होते त्याची नोंद कोणत्याच फाइलवर राहत नाही. आज अशाच एका तांत्रिक बाबीविषयी लिहितो आहे.

माझी भाची बंगळूरला राहते आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. कथाकादंबऱ्यांचा नव्हे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, विम्याचे अर्ज आणि मुख्यतः औषधचाचण्यांची संमतिपत्रे, हे तिचे काम. नव्या औषधाची चाचणी ज्याच्यावर करायची त्याला ती त्याच्या भाषेत, समजेल अशा शब्दांत सांगून लेखी संमती घेतली पाहिजे, असे २०१९ चे नियम सांगतात. पुण्यानागपूरच्या एखाद्या रुग्णालयात रुग्णापुढे जो कागद ठेवला जातो तो बंगळूरच्या एका टेबलावर मराठीत आलेला असू शकतो. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठीची सेवा कशी होते याचे हे न दिसणारे उदाहरण आहे.

गेल्या वर्षी तिचा जुना मॅक अचानक बंद पडला. तो इंटेलचा प्रोसेसर असलेला होता. त्यात ॲपलच्याच ‘बूट कॅम्प’ या सोयीने तिने विंडोज बसवले होते, कारण तिचे अनुवादाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. तिने नवा मॅक घेतला. त्यात बूट कॅम्प नव्हतेच. हाती एका संमतिपत्राच्या दुरुस्त आवृत्तीचे काम होते आणि मुदत आठ दिवसांची. तिचा फोन आला, “मामा, माझी आठ वर्षांची वाक्ये या डिस्कमध्ये आहेत. डिस्क माझ्या हातात आहे, आणि मला एकही वाक्य वाचता येत नाही.”

हे वाक्य ऐकल्यावर माझ्यातला प्रशासक जागा झाला. कारण हेच वाक्य मी सरकारी कार्यालयांत, वेगळ्या शब्दांत, अनेकदा ऐकले आहे.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. व्यावसायिक अनुवादक ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते त्याच्याऐवजी अनुवाद करीत नाही. त्याने केलेला अनुवाद ते लक्षात ठेवते. मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद अशी जोडी साठत जाते. पुढे तेच किंवा त्याच्यासारखे वाक्य आले की जुना अनुवाद समोर येतो. या साठ्याला अनुवाद-स्मृती म्हणतात. सोबत पारिभाषिक शब्दांची यादी असते. संमतिपत्राची दुसरी आवृत्ती आली की बदललेली वाक्ये तेवढी नव्याने करायची आणि उरलेली अक्षरशः जुनीच ठेवायची, हे या स्मृतीमुळे शक्य होते. ‘आपण कोणत्या गटात जाल हे नाणेफेक केल्याप्रमाणे ठरेल’ असे पहिल्या कागदात रुग्णाला सांगितले असेल, तर दुसऱ्या कागदात त्याच ठिकाणी ‘यादृच्छिक वाटप’ येता कामा नये. रुग्ण म्हणेल, आता माझ्यावर आणखी काहीतरी नवे करणार आहेत. शब्दांची एकवाक्यता ही येथे साहित्यिक हौस नाही. तो रुग्णाला दिलेला शब्द आहे.

आता यंत्राची बाजू पाहू. २००६ ते २०२० या काळातील मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर चालत आणि विंडोजही त्याच प्रोसेसरसाठी बनलेले असल्याने एकाच यंत्रात दोन्ही नांदत. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने एम१ आणि त्यापुढचे स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. हे एआरएम पद्धतीचे आहेत. त्यांची आज्ञाभाषाच वेगळी. त्यामुळे बूट कॅम्प गेले. दुसरीकडे ट्रेडॉस स्टुडिओ आणि मेमोक्यू ही या व्यवसायातील दोन प्रमुख नावे; संगणकावर बसवायच्या त्यांच्या आवृत्त्या विंडोजसाठीच बनतात.

मार्ग नाही असे नाही, आणि तो मी लपवून ठेवणार नाही. मॅकमध्ये एक आभासी संगणक उभा करायचा आणि त्यात विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती बसवायची. यासाठी पॅरलल्स डेस्कटॉप हे सशुल्क सॉफ्टवेअर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने या मार्गाला अधिकृत मान्यता दिली. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना विनामूल्य मिळू लागले. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम एआरएमवर चालताना विंडोज ११ त्याच्या आज्ञांचे आतल्या आत भाषांतर करते. म्हणजे अनुवादाचे सॉफ्टवेअर स्वतःच अनुवादित होऊन चालते! बहुतेक वेळा ते चालतेही. अनुभवाने समजलेल्या दोन गोष्टी सांगतो. मॅकला किमान सोळा जीबी मेमरी असावी. आणि स्मृतीच्या फायली मॅकच्या सामायिक फोल्डरमध्ये न ठेवता आभासी विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवाव्यात, कारण सामायिक फोल्डर हा विंडोजला नेटवर्कसारखा दिसतो आणि अशा फायलींना तो मानवत नाही.

या मार्गाच्या मर्यादाही आहेत. प्रोग्रॅमचे भाषांतर होते, पण उपकरणे चालवणाऱ्या ‘ड्रायव्हर’चे होत नाही. भारतीय भाषांच्या कित्येक जुन्या सॉफ्टवेअरना यूएसबीत खोचायचे कुलूप लागे. त्या कुलपाचा ड्रायव्हर एआरएमसाठी बनलेलाच नसेल तर सारे तेथेच थांबते. शिवाय खर्च पाहा. यंत्राची किंमत, आभासी संगणकाचे शुल्क, विंडोजचा परवाना आणि मग मूळ सॉफ्टवेअरचा परवाना. एकाच घरात शिरायला चार दारांवर पैसे.

भाचीने तीन दारे ओलांडली. चौथ्यावर ती अडली. तिचा परवाना जुन्या यंत्राला बांधलेला होता. नव्या यंत्रावर तो सुरू करण्यापूर्वी जुन्या यंत्रावरून तो ‘परत’ करायला हवा, असा नियम. जुने यंत्र तर सुरूच होत नव्हते. विक्रेत्याला पत्रे लिहिली. उत्तर आले की विनंती योग्य विभागाकडे पाठवली आहे. हे वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली. ही भाषा मी ओळखतो. परवाना मोकळा होण्यास अकरा दिवस लागले. मुदत आठ दिवसांची होती. तोवर तिने जुन्या आवृत्तीचा छापील कागद शेजारी ठेवून वाक्यामागून वाक्य हाताने जुळवले. दोन ठिकाणी नजर चुकली आणि एकाच गोष्टीसाठी वेगळा शब्द गेला. रुग्णालयाच्या नैतिकता समितीने संमतिपत्र परत पाठवले. समितीचे काहीच चुकले नाही. तिने तेच करायला हवे होते.

हा प्रसंग सांगितल्यावर मला तीन प्रकारची उत्तरे मिळाली. तिन्ही उत्तरे शहाण्या माणसांनी दिली आणि तिन्ही मला अमान्य आहेत.

पहिले उत्तर : मॅक घेतलाच कशाला? विंडोजचा संगणक घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता. हे दिसते तितके खरे नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि बाहेरून उत्तम चालणारे कितीतरी संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एआरएम प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉपही बाजारात आहेत. त्यांच्यावर हेच आतले भाषांतर चालते. यंत्र कोणतेही घ्या, ते बदलणार. मॅकने हा प्रश्न निर्माण केला नाही, आधी दाखवला एवढेच. आणि माझ्या भाचीला मॅक विंडोजवर चालत नाही याचे दुःख नव्हते. तिने स्वतः लिहिलेली वाक्ये तिला वाचता येत नव्हती. ‘मॅक कशाला घेतला’ हे या तक्रारीचे उत्तर कसे होईल?

दुसरे उत्तर : आभासी संगणक आहे ना, मग झाले तर. नाही, झाले नाही. तो दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारा उपाय आहे. ॲपलनेच केलेल्या एका सोयीचा इतिहास पाहा. जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले मॅकचे प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर चालावेत म्हणून २००६ मध्ये कंपनीने एक दुभाष्या दिला. त्याचे नाव ‘रोझेटा’. २०११ मध्ये तो काढून घेतला. २०२० मध्ये ‘रोझेटा २’ आला. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की त्याची सर्वसाधारण सोय मॅकओएस २७ पर्यंतच राहील. पुढे जुन्या खेळांपुरता काही भाग उरेल. आभासी संगणकाशिवाय विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे क्रॉसओव्हर आजवर याच दुभाष्याच्या आधाराने चालत आले आहे.

आता हे नाव जिच्यावरून घेतले ती रोझेटाची शिला आठवा. इसवी सनपूर्व १९६ मधला तो इजिप्तमधील याजकांच्या सभेचा ठराव. देवळांना राजाने दिलेल्या सवलती त्यात आहेत, आणि हा मजकूर तीन लिप्यांत कोरून ठेवावा असा आदेशही त्यातच आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर ते एक द्विभाषिक परिपत्रक होते. दोन हजार वर्षांनी, १७९९ मध्ये, ती शिला सापडली आणि तिच्यावरून एक विसरलेली लिपी वाचता आली. हे कशामुळे घडले? मूळ मजकूर आणि अनुवाद शेजारी शेजारी, उघड्या दगडावर, कोणत्याही कुलपाविना होते म्हणून. अनुवाद-स्मृती म्हणजे तरी दुसरे काय? फरक एवढाच की दगड दोन हजार वर्षे टिकला आणि त्याच्या नावाच्या पहिल्या सॉफ्टवेअरला पाच वर्षांत निरोप मिळाला.

तिसरे उत्तर : आता यंत्रच अनुवाद करते, जुनी वाक्ये हवीत कशाला? २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’सारख्या शासकीय उपक्रमांचे मला कौतुक आहे. परंतु गेल्या वर्षी या रुग्णाला कोणता शब्द दिला होता हे यंत्राला ठाऊक नसते. ते तुमच्या स्मृतीलाच ठाऊक असते. आणि यंत्र शिकते कशावरून? माणसांनी जुळवलेल्या अशाच वाक्यांच्या जोड्यांवरून. मराठीच्या चांगल्या जोड्या बंद डिस्कांमध्ये कुजत राहिल्या तर यंत्राची मराठीही तशीच कुपोषित राहील.

येथे मी एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनीने मॅकसाठी सॉफ्टवेअर बनवलेच पाहिजे अशी माझी मागणी नाही. काय बनवावे आणि कोठे विकावे हा तिचा व्यापार आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हत्यार कंपनीचे असेल, पण त्या हत्याराने घडवलेली वस्तू कारागिराची आहे. सुताराने रंधा परत केला म्हणून त्याने केलेले टेबल जप्त होत नाही.

आणि उपाय तर कधीचाच तयार आहे. अनुवाद-स्मृतींच्या देवाणघेवाणीसाठी टीएमएक्स नावाचा खुला साचा १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठरला. तो साध्या मजकुराच्या रूपात असतो. कोणत्याही संगणकावर उघडून डोळ्यांनी वाचता येतो. तो ज्या संस्थेने घडवला ती संस्था २०११ मध्ये बंद झाली, पण साचा आजही वापरात आहे. खुल्या मानकाचे सामर्थ्य यापेक्षा चांगले कसे दाखवणार? चालू कामासाठी एक्सलिफ आहे. २०१७ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. ओमेगा-टी हे विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि स्मृती टीएमएक्समध्येच ठेवते. सशुल्क सॉफ्टवेअरही टीएमएक्समध्ये स्मृती काढून देतात. मांडणीच्या काही खुणा या वाटेत गळतात हे खरे, पण वाक्ये शाबूत राहतात. भाचीनेही ती काढून घेता आली असती. तिने आठ वर्षांत एकदाही काढली नव्हती. तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि तिला काम देणाऱ्या एकाही संस्थेने ती मागितली नव्हती.

‘मागितली नव्हती’ येथे माझ्या खात्याचा, म्हणजे सरकारचा, संबंध येतो.

राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे केंद्राचे ठराव, सर्वसाधारण आदेश, अधिसूचना, अहवाल, करार, निविदा हे सारे हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत निघावे लागतात. राज्यांचा कारभार आपापल्या भाषांत चालतो. म्हणजे आपले सरकार हे अनुवादाचे फार मोठे गिऱ्हाईक आहे. आणि हे गिऱ्हाईक पैसे मोजून काय घेऊन येते? छापील कागद किंवा त्याची पीडीएफ. वाक्यांच्या जोड्या पुरवठादाराकडेच राहतात. पुढच्या वर्षी पुरवठादार बदलतो आणि तीच वाक्ये सरकार पुन्हा विकत घेते.

एका नेमणुकीत मी वार्षिक अहवालांच्या मराठी प्रती शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. एकाच योजनेला एका वर्षी ‘साहाय्य’, दुसऱ्या वर्षी ‘अर्थसाहाय्य’ आणि तिसऱ्या वर्षी ‘अनुदान’ म्हटले होते. इंग्रजी नाव तिन्ही वर्षी एकच. ही शब्दांची मौज मला एरवी कळलीही नसती. पण ‘अनुदाना’चा छापील कागद घेऊन आलेल्या एका बाईंना खिडकीवरच्या कारकुनाने ‘अशी योजना नाही’ म्हणून परत पाठवले होते, आणि त्या तक्रार घेऊन माझ्यापर्यंत आल्या होत्या. कारकुनाच्या यादीत ‘अर्थसाहाय्य’ होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या कार्यालयाला स्मृती नव्हती.

ही स्मृती पूर्वीच्या पिढीने मोठ्या कष्टाने उभी केली होती. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश तेथूनच आले. त्यातल्या शब्दांना कोणी कितीही नावे ठेवोत, एक गोष्ट मान्य करावी लागेल : पदनाम कोश उघडण्यासाठी विशिष्ट कंपनीचे टेबल लागत नाही. केंद्रातही हे तत्त्व आता अपरिचित नाही. राजभाषा विभागासाठी पुण्याच्या सी-डॅकने २०१८ मध्ये स्मृतीवर आधारलेली प्रणाली केली. तिचे नाव ‘कंठस्थ’. नाव फार अर्थपूर्ण आहे. जे कंठस्थ आहे ते आपल्या कंठात असते. ते म्हणण्यासाठी दुसऱ्याचा परवाना लागत नाही. हाच न्याय हिंदी-इंग्रजीबाहेरच्या भाषांना आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाला का लागू नये?

धोरणाचीही उणीव नाही. ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे धोरण केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये आणले, आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे २०१५ मध्ये. धोरण कपाटात आहे. निविदेच्या मसुद्यात नाही. म्हणून माझ्या सूचना निविदेपुरत्याच, आणि चारच आहेत.

१. अनुवादाच्या प्रत्येक करारात तयार मजकुराबरोबर टीएमएक्समधील स्मृती आणि शब्दांची यादी देणे बंधनकारक असावे. जे पैसे देऊन करून घेतले ते पूर्ण घ्यावे.

२. त्याचा मोबदला वेगळा द्यावा. पुनरावृत्त वाक्यांना कमी दर देण्याची प्रथा या व्यवसायात आहे. म्हणजे स्मृती ही कमाईची वस्तू आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अनुवादकाची कमाई ‘अट क्रमांक अमुक’ लिहून फुकट हिसकावणे हा उपाय नव्हे, तो अन्याय होईल.

३. निविदेत सॉफ्टवेअरचे नाव लिहू नये, साच्याचे लिहावे. ‘अमुक सॉफ्टवेअर असलेलाच अनुवादक हवा’ ही अट काम चांगले होण्याची हमी देत नाही; मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्या चांगल्या माणसाला ती दाराबाहेर मात्र ठेवते.

४. वर्षातून एकदा, जमा झालेली स्मृती दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर आणि दुसऱ्याच प्रकारच्या संगणकावर उघडून पाहावी. अग्निशामक यंत्राची तपासणी आपण करतोच. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

या चारही गोष्टींना कायदा लागत नाही, मंत्रिमंडळाची मान्यता लागत नाही. एका अवर सचिवाने मसुदा दुरुस्त करून वर पाठवला तरी पुरे. तो दुरुस्त का होत नाही, याचे उत्तर मी सुरुवातीलाच दिले आहे. ती अजून ‘तांत्रिक बाब’ आहे.

फाँटच्या बाबतीत आपण हेच केले होते. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्यामुळे एका कार्यालयातील मराठी फाइल दुसऱ्या कार्यालयात उघडली की चिन्हांचा सडा पडायचा. युनिकोड १९९१ पासून उपलब्ध असताना आपण कित्येक वर्षे प्रत्येकाला ‘आमचाच फाँट बसवून घ्या’ असे सांगत राहिलो. त्या काळात टंकलेला कितीतरी मजकूर आज असून नसल्यासारखा आहे. अनुवादाच्या बाबतीत ती चूक दुसऱ्यांदा करण्यास आपल्याकडे सबब नाही.

भाची आता दर महिन्याच्या एक तारखेला सारी स्मृती टीएमएक्समध्ये काढते, ओमेगा-टीमध्ये उघडून पाहते आणि दोन ठिकाणी ठेवते. वीस मिनिटांचे काम. विंडोज तिच्या मॅकमध्ये आहे आणि ते नीट चालते. जुने सॉफ्टवेअरही ती वापरते, कारण ते चांगले आहे. फक्त आता ती त्याची ओलीस नाही. वाचकांपैकी जे दिल्लीत, हैदराबादेत, इंदुरात किंवा परदेशात राहून मराठीत अनुवाद करीत असतील त्यांनी यंत्र बंद पडण्याची वाट पाहू नये. आजच ही वीस मिनिटे काढावीत. आणि जे माझ्यासारखे खुर्चीवर आहेत त्यांनी आपल्या कार्यालयाचा शेवटचा अनुवाद-करार मागवून घ्यावा आणि त्यात ‘स्मृती’ हा शब्द कोठे आहे का ते पाहावे.